लॅबचे विंडोज पीसी क्लस्टरला जोडताना: एचटीकॉन्डर की डब्ल्यूएसएल २?
कॉलेजच्या लॅबमधले पीसी रात्रभर रिकामेच असतात; ते क्लस्टरला, म्हणजे मिळून मोठी कामं करणाऱ्या कॉम्प्युटरांच्या समूहाला, जोडता येतात. एचटीकॉन्डर हे रिकाम्या मशीनना कामं वाटणारं सॉफ्टवेअर विंडोजवर थेट चालतं आणि कीबोर्ड-माउस शांत असतील तेव्हाच काम घेईल, असं ठरवता येतं. मात्र प्रोग्रॅम विंडोजसाठी वेगळा बिल्ड (तयार) करावा लागतो. शिवाय जॉब (करायला दिलेलं काम) ज्या मशीनवरून पाठवला तिथलीच ऑपरेटिंग सिस्टिम एचटीकॉन्डर गृहीत धरतं. लिनक्सवरून पाठवताना अटीत 'विंडोज' लिहायचं राहिलं, की हे पीसी रिकामे आणि जॉब रांगेत ताटकळत!

डब्ल्यूएसएल २ म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. त्यात स्लर्म (क्लस्टरवर जॉब वाटणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर तीच लिनक्स बायनरी (तयार प्रोग्रॅम फाइल) चालते, हे सुख मोठं. पण त्याचं नेटवर्क मुळात नॅटमागे, म्हणजे विंडोजच्या पत्त्याआड लपलेलं; त्यामुळे हेड नोड (क्लस्टरचं मुख्य मशीन) तिथे थेट पोचत नाही. त्यासाठी विंडोज ११ मधला मिरर्ड मोड (डब्ल्यूएसएलला विंडोजचंच नेटवर्क देणारी सेटिंग) लावा, फायरवॉल उघडा. त्यात अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट झालं, की डब्ल्यूएसएल आपणहून उठत नाही. दिवसा मुलं बसणार असतील तर मी कॉन्डरच घेईन.