अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग कायमचं काढलं, त्यानंतरचे काही महिने

अँटिव्हायरस ठेवा, पण त्यातलं वेब स्कॅनिंग, म्हणजे ब्राउझरमधून येणारी-जाणारी माहिती वाटेतच तपासणारा भाग, काढून टाका, असं माझं आता पक्कं मत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मी ते काढलं, दिवाळी होऊन गेली, परत बसवावं असं वाटलेलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; हे दुखणं अनेकांच्या पॅकेजमध्ये आहे.

त्रास असा, की फायरफॉक्समध्ये रोजच्याच साइटवर अधूनमधून 'कनेक्शन सुरक्षित नाही'चा इशारा यायचा, आणि क्रोममध्ये तीच साइट सुरळीत उघडायची. एका पोर्टलवर पीडीएफ चढवताना गाडी अर्ध्यात अडकायची. घरात सगळे नेटला शिव्या घालायचे.

खरा प्रकार अॅड्रेस बारमधल्या कुलपावर (किंवा त्या जागी जे चिन्ह असेल त्यावर) क्लिक करून साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं डिजिटल ओळखपत्र, पाहिलं की कळतो. ते कोणी दिलं, तिथे डिजिसर्टसारख्या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीचं नाव हवं. माझ्याकडे अँटिव्हायरसचं होतं. वेब स्कॅनिंगचं मॉड्यूल ब्राउझर आणि साइटच्या मधे बसतं, एन्क्रिप्ट केलेली माहिती उघडून तपासतं आणि स्वतःच्या सर्टिफिकेटचा शिक्का मारून पुढे देतं. पोस्टमनने पाकीट फोडून, वाचून, नव्या पाकिटात घालून द्यावं तसं. हा शिक्का खरा मानला जावा म्हणून विंडोजमधल्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत ते आपलं रूट (मूळ) सर्टिफिकेट टाकून ठेवतं. क्रोम ते मानतो. फायरफॉक्सची स्वतःची यादी वेगळी, म्हणून भांडण तिथेच. 2019 साली आलेल्या 68 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स अशी मध्यस्थी ओळखून विंडोजमधली सर्टिफिकेटं आपणहून चालवून घेतो, पण माझ्याकडे अँटिव्हायरसचं मोठं अपडेट आलं की रड पुन्हा सुरू व्हायची.

आणि यातून सुरक्षा वाढते म्हणावं, तर तेही नाही. अशा मध्यस्थीवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ सगळ्या उत्पादनांनी कनेक्शन उलट कमकुवत केल्याचं दिसलं होतं.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. 'दहा मिनिटांसाठी', 'रीस्टार्ट होईपर्यंत' असले पर्याय पुढे येतात, आणि 'कायमचं' निवडलं तरी अपडेटनंतर ते परत चालू झालेलं सापडतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अँटिव्हायरसच्या 'चेंज' किंवा 'मॉडिफाय'मधून तो घटकच काढायचा. मग स्टार्टमध्ये 'मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स' शोधून उरलेलं रूट सर्टिफिकेट पुसायचं, कारण ते आपोआप जाईलच असं नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'तुमचा ब्राउझर संस्थेकडून नियंत्रित आहे' अशी ओळ दिसत असेल, तर तीही बहुधा याचीच करामत. घरच्या पीसीवर कसली आलीय संस्था!

फरक लगेच जाणवला. इशारे बंद, अपलोड सरळ. पानं उघडण्याचा वेग वाढला म्हणतात, मला तसं फारसं वाटलं नाही. डाउनलोड केलेली फाइल डिस्कवर आली की अँटिव्हायरस ती तपासतोच. फसव्या साइटसाठी ब्राउझरची सेफ ब्राउझिंग आहे. ती मात्र बंद करू नका, आणि ब्राउझर अपडेट ठेवा. विंडोज 7 वर जुनाच ब्राउझर चालवणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

एक कटकट उरली आहे. अँटिव्हायरसच्या आयकॉनवर लाल उद्गारचिन्ह कायम असतं आणि 'तुमचं संरक्षण अपुरं आहे' असा पॉप-अप येत राहतो. तो बंद करण्याची सोय मला अजून सापडलेली नाही.