आयक्यू-एक्स दिवा आणि हब डायनॅमो: रात्री पुण्यात सायकल चालवणाऱ्यांसाठी

सायकलचा दिवा घेताना आपल्याकडे बहुतेक जण दुकानदाराला उजेड किती पडतो एवढेच विचारतात. ज्या शहरात खांबांवरचे दिवे बऱ्यापैकी चालू असतात, तिथे हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. मी कुठे आहे आणि कोणत्या दिशेला चाललो आहे हे पुढून-मागून येणाऱ्याला वेळेत कळते का, आणि ते कळताना त्याचे डोळे तर दिपत नाहीत ना, हे आधी पाहायला हवे. रस्त्यावर दिसणे ही सायकलस्वाराची स्वतःची जबाबदारी आहे असे मी मानतो, आणि त्याच कसोटीवर हा संच तपासला आहे.

पुढे बुश उंड म्यूलर या जर्मन कंपनीचा १०० लक्सचा (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचे माप) आयक्यू-एक्स दिवा, मागे कॅरिअरवर त्याच कंपनीचा टॉपलाइट लाइन प्लस हा लाल दिवा, आणि दोघांना वीज पुरवणारा शिमानोचा ६ व्होल्ट, ३ वॉटचा हब डायनॅमो, असा हा संच आहे. टायरला घासत फिरणारा बाटलीच्या आकाराचा जुना डायनॅमो अनेकांना आठवत असेल. तो लावला की पाय जड होत आणि पावसात टायर ओला झाला की तो घसरून दिवा मंदावे, म्हणजे नेमकी गरज असतानाच उजेड जाई. हब डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, बसलेला असल्यामुळे त्याचा टायरशी संबंध येत नाही, आणि दिवे लावून चालवताना पायांना फारसा फरक जाणवत नाही. चार्जिंग नसल्यामुळे ते करायला विसरण्याचाही प्रश्न नाही. ही केवळ सोय नाही. ज्याच्या दिव्याची बॅटरी वाटेत संपते तो सायकलस्वार सहसा उतरून चालू लागत नाही, तसाच अंधारात पुढे जातो.

या दिव्याचा खरा गुण म्हणजे त्याचा झोत. जर्मनीतील नियमांनुसार सायकलच्या दिव्याचा प्रकाश मोटारीच्या डिपरप्रमाणे वरच्या बाजूला कापलेला असावा लागतो. त्यामुळे रस्त्यावर रुंद, सलग उजेड पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर तो पोहोचत नाही. डेक्कनजवळच्या नदीपात्रातील रस्त्यावर याचे महत्त्व फार जाणवते, कारण तिथे समोरून दुचाकी येत असतात आणि कडेने माणसे चालत असतात. बाजारात मिळणारे बरेचसे बॅटरीचे दिवे गोल झोताचे असतात. ते हँडलवर आडवे लावले की समोरचा माणूस क्षणभर काहीच पाहू शकत नाही, आणि त्या क्षणात तो आपल्यालाच येऊन धडकू शकतो. स्वतःच्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्याला आंधळे करणे मला मान्य नाही. जर्मन नियम सायकलच्या दिव्याला उघडझाप करू देत नाहीत आणि या संचातील दोन्ही दिवे स्थिर जळतात. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो हे खरे, पण सायकल किती दूर आहे आणि किती वेगाने येते आहे याचा अंदाज स्थिर दिव्यावरून अधिक चांगला बांधता येतो, असे माझे मत आहे.

दुसरा गुण सिग्नलला कळतो. जुन्या डायनॅमोचा दिवा चाक थांबताच विझत असे, त्यामुळे नळ स्टॉपसारख्या चौकात लाल दिव्यापाशी थांबलेला सायकलस्वार मागून येणाऱ्या मोटारीसाठी नाहीसाच होई. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंतच ती जवळजवळ एका बसच्या लांबीएवढे अंतर कापून गेलेली असते. या दोन्ही दिव्यांमध्ये चालताना साठवलेल्या विजेवर थांबल्यानंतरही काही मिनिटे मंद प्रकाश चालू राहतो आणि आपल्याकडच्या बहुतेक सिग्नलना तेवढा वेळ पुरतो. मागचा दिवा ठिपक्याऐवजी आडव्या लाल पट्टीसारखा दिसत असल्यामुळे मागच्याला अंतराचा अंदाज येणे सोपे जाते.

मात्र हा संच घेतला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा समज कोणी करून घेऊ नये. सायकलवर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असतो तो दिशा सांगण्यासाठी. जंगली महाराज रस्त्यावर एकेरी वाहतुकीच्या उलट दिशेने येणाऱ्या सायकलचा पांढरा दिवा समोरच्या चालकाला, जिथून कोणी येणे अपेक्षितच नाही तिथून दिसतो, आणि मागचा लाल दिवा तर त्याच्या उपयोगाचाच नसतो. डावीकडे वळणाऱ्या पीएमपीच्या बसच्या डाव्या अंगाला घुसलेला सायकलस्वार कितीही उजळ असला, तरी चालकाच्या आरशात तो नसू शकतो. तिथे बसच्या मागे थांबणे हाच उपाय आहे. कॅरिअरवरची पिशवी मागच्या दिव्यावर लोंबू न देणे, वळण्याआधी मागे पाहून हात दाखवणे, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणे ही कामे कोणताही दिवा आपल्यासाठी करत नाही. मोटारचालकाची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि जड वाहन चालवणाऱ्यावर ती अधिकच असते. पण त्याच्या हाती काय आहे ते आपण ठरवू शकत नाही, आपल्या हाती आहे ते मात्र करू शकतो.

सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पुण्यात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवत, म्हणून दिवा बिघडला की लोक चौकातून सायकल हातात धरून चालत जात. ती शिस्त गेली. केंद्र सरकारने २०२० साली सायकलच्या रिफ्लेक्टरांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला ही चांगली गोष्ट झाली, परंतु रिफ्लेक्टर चमकतो तो दुसऱ्याच्या दिव्याचा झोत त्याच्यावर पडला तरच, आणि आडव्या गल्लीतून येणाऱ्याच्या बाबतीत तो झोत फार उशिरा पडतो.

आता अडचणी. हा संच बहुधा बाहेरून मागवावा लागतो. शिवाय पुढचे चाक नव्या हबवर पुन्हा भरून घ्यावे लागते, आणि ते काम चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, नीट काढणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. सगळा खर्च धरला तर तो साध्या शहरी सायकलच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अगदी हळू, चालण्याच्या गतीने जाताना हब डायनॅमोवरच्या पुढच्या दिव्याचा उजेड थरथरतो. गर्दीच्या लक्ष्मी रस्त्यावर ते जाणवते, पण त्रास होत नाही.

रोज अंधार पडल्यावर घरी परतणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा. ज्यांना तो परवडणार नाही, त्यांनी चार्जिंगचा साधा पांढरा दिवा घेऊन तो खाली, पुढच्या चाकापासून काही मीटरवर झोत पडेल असा झुकवावा, मागे स्थिर जळणारा लाल दिवा लावावा, आणि निघण्यापूर्वी दहा पावले मागे जाऊन दोन्ही दिवे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावेत.