गाडी दाखवायची वेळ नेहमी सकाळी सातची

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कोणी एमपीएफआय इंजिन (कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारं) बसवून घेणार असेल, तर विसार देण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे एक लाख बत्तीस हजार गेले. पैशापेक्षा जास्त लागलं ते आईला घेऊन भर जेटीवर अडकलो ते.

आमची मारुतीची जिप्सी किंग जीप १९९८ ची, वडिलांनी घेतलेली. गुहागर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात तर नुसता ओहोळ. तिथून पेट्या खाली आणायच्या तर याच गाडीने. तिचं मूळ इंजिन १२९८ सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं, कार्बोरेटरवालं. पंचवीस वर्षांच्या खाऱ्या हवेने कार्बोरेटरची पार वाट लागली होती. चढावर पिकअप तुटायचा, सकाळी चोक ओढून ओढून हात दुखायचा. गावातला मेकॅनिक खरं तेच म्हणाला, "याचं चांगलं किट आता मिळत नाही. जे मिळतं ते दोन महिने टिकत नाही."

म्हणून मी हायवेवरच्या एका गॅरेजात गेलो. मालक बोलायला गोड. मारुती एस्टीम कारचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आहे म्हणाला, मुंबईत ठोकलेल्या गाडीचं, चाळीस हजार किलोमीटर चाललेलं, वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सकट. "सीसी तेच आहे दादा, १२९८. म्हणजे आरटीओचा प्रश्नच येत नाही. आणि आलाच तर मी बसलोय ना." मारुतीने स्वतःच २००० साली जिप्सीत सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आणलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे त्याचं बोलणं पटलं. एक लाख पंधरा हजारांत ठरलं. पावती मिळाली ती कच्ची. त्यावर "इंजिन काम" एवढंच. नवीन इंजिनचा नंबर नाही, कुठल्या गाडीतून काढलं ते नाही. मी मागितलं तेव्हा "कागद मुंबईहून येतायत" असं उत्तर आलं. ते कागद आजपर्यंत आलेले नाहीत.

गाडी न्यायला बोलावलं सकाळी सातला. "ऊन व्हायच्या आत या, मग गर्दी होते." रात्रभर उभं असलेलं थंड इंजिन अर्ध्या सेल्फवर लागलं. चोक नाही, काही नाही. मीटरशेजारी त्याने नवीन पिवळा दिवा बसवला होता, चेक इंजिनचा. चावी फिरवली की पेटायचा, इंजिन सुरू झालं की दोन सेकंदांत विझायचा. "बघा, दिवा गेला म्हणजे ईसीएम सांगतोय की सगळं ओके." मी चार किलोमीटर चालवून बघितली. सुरेख चालली. उरलेले पैसे तिथेच दिले.

घरी पोचेपर्यंत सायलेन्सरमधून फटाके सुरू झाले होते. अॅक्सिलरेटर सोडला की फट, फट. गिअर बदलताना गाडी घुसमटायची, स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, बंद पडायची. मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास यायचा. लिटरला सहा किलोमीटरही मिळेनात. आणि पुढचे तीन महिने तेच चक्र चाललं. मी गाडी घेऊन जायचो, तो रात्रभर ठेवून घ्यायचा, आणि सकाळी सातला दाखवायचा. त्या वेळेला गाडी कायम शहाणी. पहिल्यांदा प्लग आणि केबल बदलल्या म्हणून छत्तीसशे घेतले. मग इंजेक्टर साफ केले म्हणून अडीच हजार. तिसऱ्यांदा "ईसीएम उडालाय, दुसरा टाकला" म्हणून अकरा हजार. प्रत्येक वेळी कारण तयार. कधी आमच्या पंपाचं पेट्रोल वाईट, कधी इथेनॉल. शेवटी म्हणाला, "कोकणच्या हवेत एमपीएफआय असंच चालणार दादा, सेन्सरला खार लागतो." इथे मला राग आला तो आजही आहे. गुहागरपासून मालवणपर्यंत समुद्राकाठी हजारो एमपीएफआय गाड्या रोज धावतात, त्यांना फटाके फुटत नाहीत.

मे महिन्यात आईला डोळे दाखवायला दापोलीला न्यायचं होतं. चिपळूण-खेडचा वळसा नको म्हणून धोपाव्याहून दाभोळची फेरी धरली. दुपारचे साडेबारा. ओहोटी होती, त्यामुळे जेटीचा उतार जास्त आणि खाली शेवाळ. पुढची चाकं फेरीबोटीच्या फळीवर चढली आणि गाडी गप्प झाली. घुसमटली नाही, आचके दिले नाहीत, चावी काढल्यासारखी गप्प. मी सेल्फ मारत राहिलो. सात-आठ वेळा काही नाही, आणि मग एकदम सायलेन्सरमधून असा धमाका झाला की वरच्या टपरीतली माणसं बाहेर आली. आईने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. बोटं पांढरी पडली होती. ती म्हणाली, "अरे, मला खाली उतरव आधी." बोटीवरच्या पोरांनी आणि दोन पर्यटकांनी गाडी ढकलून आत घेतली. मागची चाकं शेवाळावर घसरत होती, खाली वाशिष्ठीचं पाणी. त्या दिवशी काहीही होऊ शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी चिपळूणच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी दोरीने ओढत नेली. चाचांनी बॉनेटला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारले. हे दोन प्रश्न ज्याची गाडी बॅकफायर मारून बंद पडते त्या प्रत्येकाने स्वतःला विचारावेत. पहिला, "फटाका पुढून फुटतो की मागून?" पुढून, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूने फुटत असेल तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय. पंपाचा दाब नाही, कुठून तरी हवा ओढली जातेय, नाहीतर टायमिंग बेल्टचा दात चुकलाय. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आतला असतो आणि इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. जुनाच पंप ठेवून इंजिन बदललं तर हे व्हायचंच. मागून, सायलेन्सरमध्ये फुटत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे पोचून जळतंय. दुसरा प्रश्न, "बंद पडते ती गळून की चावी काढल्यासारखी?" गळून बंद पडली तर दोष पेट्रोलच्या आणि हवेच्या मापात शोधायचा. फटकन गेली तर वायरिंगमध्ये, रिलेत, क्रँक किंवा कॅमच्या सेन्सरमध्ये. मी म्हटलं, चाचा, फटाका मागून, आणि बंद दोन्ही तऱ्हेने पडते. ते म्हणाले, "मग दोन आजार आहेत भाऊ. एक शोधून थांबायचं नाही."

मग त्यांनी चावी ऑन केली, इंजिन न लावता. ऑइलचा लाल दिवा पेटला, पिवळाही पेटला. चाचा खाली वाकले आणि ऑइल प्रेशर स्विचवरची वायर काढली. लाल दिवा विझला. त्याच क्षणी पिवळाही विझला. वायर परत लावली, दोन्ही पेटले. मला आधी कळलंच नाही. त्यांनी मला स्वतःच्या हाताने वायर काढायला लावली. चेक इंजिनचा दिवा ईसीएमला जोडलेलाच नव्हता. तो ऑइलच्या दिव्याच्या वायरीला मागून पिळून जोडला होता. इंजिनमध्ये ऑइलचा दाब आला की दोन्ही दिवे एकदम विझणार, आतले सगळे सेन्सर मेलेले असले तरी. चाचांनी त्याची वायर ईसीएमच्या खऱ्या जागी लावली आणि इंजिन सुरू केलं. पिवळा दिवा पेटला तो पेटलेलाच राहिला. ऑक्सिजन सेन्सर कापून टाकलेला होता, ईसीएम ते केव्हापासून सांगत होता.

पहिला आजार सापडला तो थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत थंड करायचं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घराजवळ. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसतो तिथला आटा तुटला होता आणि भोक एम-सीलने बुजवलं होतं. सेन्सरकडे जाणाऱ्या दोन वायरींच्या टोकाला टेप गुंडाळलेली. चाचांनी ब्लेडने टेप कापली. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, त्यावर तीन लाल रेघा आणि कडेला एक सोनेरी. "बावीसशे ओहम," चाचा बघताबघता म्हणाले. हा सेन्सर थंड असताना, वीस-बावीस अंशांना, साधारण एवढाच रेझिस्टन्स दाखवतो. पाणी ऐंशी अंशांवर गेलं की तो तीनशेच्या आसपास यायला हवा. रेझिस्टर काही बदलत नाही. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी ईसीएमला वाटत होतं की इंजिन आत्ताच थंड सुरू झालंय, आणि तो चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल सोडत होता. प्लग काजळीने काळे पडत होते, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये फुटत होतं. आकडा खरा वाटण्यासारखा असल्याने ईसीएमला त्यात दोषही दिसत नव्हता. सकाळी सातला मात्र इंजिन खरोखरच थंड असायचं, माप बरोबर जुळायचं, म्हणून गाडी गुणी. तीन महिने तो मला त्याच वेळेला का बोलवत होता, हे मला त्या रेघा बघताना कळलं.

दुसरा आजार साधा. ईसीएमची मुख्य वायर सोल्डर न करता नुसती पिळून टेप मारलेली. टेप सोडली तर तांब्यावर हिरवी पूड. धक्का बसला, सांधा तापला, की ईसीएमचा करंट जायचा. जेटीवर तेच झालं. सेल्फ मारताना करंट येत-जात होता, तेवढ्यात पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमलं आणि ठिणगी परत आली तेव्हा एकदम पेटलं. खारी हवा खरीच, पण ती लागली उघड्या सांध्याला. नीट सोल्डर करून स्लीव्ह चढवली असती तर लागली नसती.

ईसीएमचं झाकण उघडलं तर कोपऱ्यात वाळलेला गाळ. चाचा बराच वेळ बोलले नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचं दुकान छतापर्यंत बुडालं होतं. नखाने गाळ खरवडून म्हणाले, "हे इंजिन ज्या गाडीचं, ती पाण्याखाली गेलेली आहे भाऊ. ठोकलेली नाही." पहिल्या दिवशी मी हौसेने बॉनेटखालचे फोटो काढले होते, त्यात ईसीएमचा स्टिकर होता. मोबाइल काढून नंबर ताडून पाहिला. तोच. अकरा हजार घेऊन "बदललेला" ईसीएम कधी बदललाच नव्हता.

चाचांनी नवीन थर्मोस्टॅट हाउसिंग, सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि सांधे मिळून सात हजार आठशेत काम केलं. गाडी आता दुपारीही एका सुरात चालते. पण रस्त्यावर काढत नाही, कारण कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवायचं असतं. सीसी तेच असलं तरी इंजिनचा नंबर वेगळा असतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंड मालकाला, म्हणजे मला. हे मी आधी वाचायला हवं होतं.

तुम्ही अशी गाडी ताब्यात घेणार असाल तर दुपारी जा. आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे का बघा, मग तासभर चालवा, घाट चढवा, पंधरा मिनिटं स्लोवर ठेवा, बंद करून गरम असतानाच परत लावा. ऑइल स्विचची वायर काढून बघायला दोन मिनिटं लागतात. तापमानाच्या सेन्सरचं कपलर स्वतःच्या डोळ्यांनी सेन्सरवर बसलेलं बघा. ईसीएमच्या आणि इंजिनच्या नंबरचे फोटो काढा. पक्क्या बिलावर इंजिनचा नंबर आणि ते ज्या गाडीचं आहे तिच्या आरसीची प्रत, हे दोन्ही हातात आल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मी तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. रेझिस्टर, पिळलेला सांधा, कच्ची पावती आणि ते फोटो एका डब्यात ठेवले आहेत. चाचा लेखी द्यायला तयार झाले, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

राहिलं वडिलांचं जुनं इंजिन. ते परत मागितलं तर गॅरेजवाला "भंगारात गेलं" म्हणाला. कुठल्या भंगारात, किती किलो, काही नाही. आरसीवर अजून त्याच इंजिनचा नंबर आहे. ते उद्या कोणाच्या, कसल्या गाडीत बसलं तर पोलिस माझ्या दारात येतील. म्हणून "या नंबरचं इंजिन माझ्या ताब्यात नाही" असा अर्ज पोलिस ठाण्यात आणि आरटीओत दिला, आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतली. तुमचं जुनं इंजिन गॅरेजात सोडून आला असाल, तर ते आजच घरी घेऊन या.