एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन की मिर्टाझापीन? मेडिकलच्या काउंटरवरून एक तुलना

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या मेडिकलमध्ये काउंटरला उभी राहून मला अठरा वर्षं झाली. पूर्वी नैराश्यावरच्या गोळ्यांची चिठ्ठी लोक चौघडी घालून, दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून पुढे सरकवायचे. आता तसं फारसं होत नाही. परवा साठीला टेकलेल्या एक काकू आल्या, त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती, वही होती. वहीत तीन नावं: एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, मिर्टाझापीन. डॉक्टर म्हणाले होते, यातली एक सुरू करू, घरी विचार करून सोमवारी या. "अगं, नेटवर वाचलं तर एका पानावर तिन्ही विष, दुसऱ्या पानावर तिन्ही अमृत. तू सांग, कुठली बरी?"

मागे रांग असताना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. गोळी डॉक्टरच ठरवणार, आणि स्ट्रिपवर तांबडी रेघ आहे म्हटल्यावर चिठ्ठीशिवाय मी ती देणारही नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर स्वतःबद्दल काय सांगायचं, हे मात्र तुमच्याच हातात असतं.

नैराश्य हटवण्यात पुढे कोण?

फार पुढे कुणीच नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांची एकत्र तुलना छापून आली होती: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ही सगळीच सरस ठरली. त्यातल्या त्यात गुणाच्या बाबतीत एस्सिटॅलोप्रॅम आणि मिर्टाझापीन किंचित वर, तर सोसायला एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालीन जरा सोप्या. फरक इतका बारीक, की त्यावरून तुमची गोळी ठरवणं म्हणजे दोन पैशांच्या फरकासाठी द्वारका सर्कल ओलांडून पलीकडच्या दुकानात जाणं.

म्हणून मी "कुठली चांगली" हा प्रश्नच बाजूला ठेवते. ती गोळी तुमच्या झोपेचं, पोटाचं, वजनाचं काय करते, आणि डब्यात आधीपासून असलेल्या गोळ्यांशी तिचं जमतं का, इथे तिघींचे रस्ते वेगळे होतात.

एक गोष्ट तिन्हींना लागू. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. आधी मळमळ, मग गुण, असा हा उलटा हिशोब आहे. पंधरा दिवसांची स्ट्रिप संपली, फरक नाही, म्हणून सोडून दिली, असं सांगणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात.

पोट

सर्ट्रालीन पोटाला सगळ्यात जास्त छळते. कंपनीच्या माहितीपत्रकातल्या चाचण्यांत शंभरातल्या सुमारे २० जणांना जुलाब झाले, नकली गोळीवर १०. मळमळ २६ जणांना, नकली गोळीवर १२. एस्सिटॅलोप्रॅममध्ये मळमळ शंभरात १५ जणांना, नकली गोळीवर ७. चाचण्या वेगवेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून अगदी काटेकोर तुलना होत नाही, पण आमच्या काउंटरवरचा अनुभवही असाच आहे. बहुतेकांचा हा त्रास आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. गोळी खाल्ल्यावर घेतली तर बराच फरक पडतो.

झोप आणि वजन

इथे मिर्टाझापीन वेगळी पडते. ती रात्रीच घ्यायची. गुंगी शंभरात ५४ जणांना, भूक वाढली १७ जणांना, वजन वाढलं १२ जणांना. नकली गोळीवर हेच आकडे १८, २ आणि २. ज्याला हा त्रास वाटतो त्याला तो त्रास, आणि ज्याला हवा असतो त्याला ते औषध.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात. अवकाळीत बाग गेली त्या वर्षी त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. त्यांना मिर्टाझापीन दिली. तिसऱ्या महिन्यात वहिनी येऊन म्हणाल्या, "आता रात्री उठून डबे उघडतात." तक्रार करत होत्या, पण हसत. तीच गोळी अंबडच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या एका तरुणाला जमली नाही. सकाळी सहाच्या शिफ्टला बाइकवर निघाला की डोकं जड, सिग्नलला डुलकी. त्याने डॉक्टरांना सांगून बदलून घेतली. मिर्टाझापीन सुरू केल्यावर पहिले काही दिवस सकाळी गाडी काढूच नका. आणि वरून दारू तर नकोच. नाशिकला वाइनचं गाव म्हणतात, "एक ग्लास चालेल का" हे मला दर डिसेंबरात विचारलं जातं. उत्तर तेच असतं.

गुंगी येते म्हणून कुणी १५ मिलिग्रॅमची गोळी मनानेच अर्धी तोडतात. गंमत अशी की ही गोळी कमी मात्रेतच जास्त झोप आणते. तेव्हा तोडण्याआधी विचारा.

एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालीन यांचं झोपेशी नातं माणसागणिक बदलतं. कुणाला सुस्ती, कुणाची झोप उडते. झोप उडत असेल तर बहुतेक डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात.

जे कुणी विचारत नाही

दुकान रिकामं होईपर्यंत औषधांच्या कपाटाकडे बघत उभा राहणारा पुरुष दिसला की मला अंदाज येतो. एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालीन, दोन्हींनी इच्छा कमी होते, वीर्यपतनाला वेळ लागतो. बायकांनाही हा त्रास होतो, त्या तर त्याहून गप्प. मिर्टाझापीनमध्ये हे बरंच कमी. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तर मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. न सांगता लोक काय करतात? गोळी सोडतात, आणि घरी "बरं वाटतंय आता" म्हणून सांगतात.

हृदय, वय आणि अ‍ॅसिडिटीची गोळी

हा भाग सावकाश वाचा, कारण घोटाळे इथेच होतात.

एस्सिटॅलोप्रॅम हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकते, ईसीजीत त्याला क्यूटी लांबणं म्हणतात. मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आता बघा काय होतं. गोळी सुरू झाली, मळमळायला लागलं, माणूस येतो आणि सवयीने मागतो, "ती पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनवाली द्या." डॉम्पेरिडोनही तीच लय लांबवते. उलटीवरची ओंडान्सेट्रॉनही. आणि अ‍ॅसिडिटीवरची ओमेप्राझोल घेतली तर शरीरातलं एस्सिटॅलोप्रॅमचं प्रमाण वाढतं, म्हणजे चिठ्ठीवर दहाची आणि अंगात त्याहून जास्त. एरवी या गोळ्या निरुपद्रवी वाटतात म्हणून त्यांचा उल्लेखही कुणी करत नाही.

हृदयविकार असलेल्यांसाठी सर्ट्रालीनचा अभ्यास जास्त झालाय. हार्ट अ‍ॅटॅक किंवा तशाच दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या ३६९ रुग्णांवरची चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ती हृदयाला सुरक्षित ठरली. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीही डॉक्टर बहुधा सर्ट्रालीनकडे वळतात, दुधात ती फार कमी उतरते.

पण सर्ट्रालीन आणि एस्सिटॅलोप्रॅम दोन्ही रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढवतात. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक चालू असेल तर सांगायलाच हवं. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, तोल जायला लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. मिर्टाझापीनमध्ये या दोन्ही काळज्या कमी. तिची स्वतःची एक दुर्मीळ भानगड आहे, पांढऱ्या पेशी घटण्याची. ताप आणि घसा एकदम धरला तर डॉक्टरांना गाठा.

दुखण्यावरची ट्रामाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांच्याशीही या गोळ्यांचं जमत नाही. थरथर, घाम, ताप, प्रचंड बेचैनी असं एकत्र दिसलं तर थेट दवाखाना.

जोडगोळी

वहीतल्या तीन नावांत नसलेलं चौथं नाव चिठ्ठीवर पुष्कळदा येतं: क्लोनाझेपाम, बेचैनी शांत करणारं औषध. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि त्या खूप खपतात. पहिल्या दिवसापासून जीव शांत होतो तो क्लोनाझेपाममुळे, आणि सवय लागते तीही तिचीच. सुरुवातीचे दोन-चार आठवडे ती उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी घेऊन येणारी माणसं बघितली की वाईट वाटतं. जोडगोळी लिहून दिली असेल तर तिथेच विचारा, यातलं दुसरं औषध कधी थांबणार? माझ्या मते तिघींतली निवड चुकली तर दुरुस्त करता येते, हा प्रश्न विचारायचा राहिला तर जास्त महागात पडतं.

थांबवताना

बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने, अनेकदा त्याहून जास्त, गोळी चालू ठेवायची असते. मग मात्रा हळूहळू उतरवायची. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास, वणीच्या गडापर्यंत पायी, आणि गोळी बंद, असं करून आलेल्या एका मुलीने सांगितलं, "मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं." एकदम सोडल्यावर होतं ते हेच. तिन्हींपैकी कुठलीही एकदम सोडू नका. उपवासाला भगर चालते तशी गोळीही चालते.

पंचविशीच्या आतल्यांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवावं, कारण काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. पूर्वी कधी झोप न लागताही अफाट उत्साह, बेफाम खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर ते आधीच सांगा, नाहीतर या गोळ्या माणसाला त्या टोकाला ढकलू शकतात. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. खासगी फी झेपत नसेल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आहे. आणि नैराश्य सौम्य असेल तर आधी समुपदेशन करून बघू का, हेही विचारायला हरकत नाही.

त्या काकूंच्या वहीत मी एक पान लिहायला लावलं. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी. अ‍ॅस्पिरिन रोज. ओमेप्राझोल "लागेल तशी", म्हणजे जवळजवळ रोजच. झोप पहाटे चारला मोडते. वजन आधीच जास्त.

सोमवारी संध्याकाळी त्या चिठ्ठी घेऊन आल्या. सर्ट्रालीन २५, सकाळी खाऊन. ओमेप्राझोल काट मारून पँटोप्राझोल, साधी, डॉम्पेरिडोन नसलेली. पैसे देता देता विचारलं, "पोहे खाऊन घेतली तर चालेल ना गं?"

चालेल म्हटलं.