नागपूरहून अमेरिका: डायरेक्ट की व्हाया दोहा? दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर लिहून राहिले

ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटले की लोक हेच विचारून राहिले की तुम्ही अमेरिकेला डायरेक्ट जाता की कनेक्टिंग, म्हणून एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. ताई शिकागोजवळ नेपरव्हिलला असते, आई-बाबांचं तिच्याकडे जाणं-येणं चालू असतं, आणि मिहानमधल्या (एअरपोर्टजवळच्या आयटी-उद्योग भागातल्या) आमच्या कंपनीचा क्लायंटही नेमका तिकडचाच, त्यामुळे मागच्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरात दिल्लीहून डायरेक्ट, दोहावरून, फ्रँकफर्टवरून असं सगळं वापरून झालंय. कोणी पैसे दिलेले नाहीत, सगळी तिकिटं खिशातली (काही ऑफिसच्या खिशातली).

आधी एक गोष्ट क्लिअर करते. नागपूरकराला अमेरिकेची डायरेक्ट फ्लाईट मिळतच नाही. मुंबई-दिल्लीवाले जेव्हा म्हणतात "डायरेक्टच घे, कटकट नाही", तेव्हा ते घरून टॅक्सीत बसून एअरपोर्टला जातात. आपल्याला सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या एअरपोर्टवरून, आधी दिल्ली गाठावी लागते, तिथे टर्मिनल शोधायचं, इमिग्रेशन करायचं, मग ती डायरेक्ट फ्लाईट. म्हणजे एक थांबा झालाच की! आणि दोहावरून गेलं तरी एकच थांबा. सोनेगाव ते दोहा, दोहा ते शिकागो, संपलं. तर आपल्यासाठी खरा प्रश्न थांबा कुठे घ्यायचा, कोणाच्या तिकिटावर घ्यायचा आणि बॅगा किती वेळा उचलायच्या हा आहे. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मा घोळ मिटतो.

जाताना दोन्हीकडे फार फरक पडत नाही. नागपूर-दिल्ली-शिकागो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असेल तर बॅगा नागपूरलाच शिकागोपर्यंत टॅग होतात, तुम्ही दिल्लीला टी-३ (टर्मिनल ३) मध्ये फक्त इमिग्रेशन आणि सिक्युरिटी करायची. दोहाच्या केसमध्ये इमिग्रेशन नागपूरलाच होतं. आणि हे सुख काय आहे ते दिल्लीची रात्रीची लाईन पाहिलेल्या माणसालाच कळेल, कारण आपल्याकडे त्या वेळेला जाऊन जाऊन एखाद-दोन इंटरनॅशनल फ्लाईट, दोहाची झाली, शारजाची झाली. फ्लाईट अपरात्री असते हा त्रास आहे, झोपेचं खोबरं होतं, पण वर्धा रोड रिकामा असतो, घरून निघालं की पंधरा-वीस मिनिटात गेटवर आणि सोडायला आलेला भाऊ परत जाऊन झोपतो पण.

खरा फरक येताना कळतो, आणि तिकीट काढताना कोणी हा विचार करत नाही. बाहेरून येऊन भारतात जिथे पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशन आणि कस्टम. म्हणजे दिल्लीवरून येत असाल तर पंधरा तासांच्या प्रवासानंतर दिल्लीच्या बेल्टवरून सगळ्या बॅगा उचला, कस्टममधून काढा, परत डोमेस्टिकसाठी द्या, परत सिक्युरिटी, आणि मग नागपूरच्या फ्लाईटची वाट पाहत बसा. दोहावरून आलं की बॅगा थेट सोनेगावच्या बेल्टवर. आईनं मार्करनं चारी बाजूंनी "नागपूर" लिहून वर लाल लोकर बांधलेली बॅग त्या छोट्याशा बेल्टवर वळण घेऊन येते, बाबा ती ओढून घेतात, बाहेर दोन पावलांवर गाडी. आई तेवढ्यासाठी दोहाला दहापैकी दहा मार्क देते.

आता वेगवेगळ्या पीएनआरबद्दल, कारण सगळ्यात जास्त ताप इथेच आहे. एका एजंटनं आई-बाबांचं येतानाचं तिकीट स्वस्त पडावं म्हणून शिकागो-दिल्ली वेगळं आणि दिल्ली-नागपूर वेगळं काढलं होतं, आणि आम्हाला सांगितलं की काही फरक पडत नाही. अमेरिकेच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे दोघांच्या मिळून ९२ किलो. डोमेस्टिकच्या तिकिटावर माणशी १५ किलो, म्हणजे ३०. उरलेले ६२ किलो दिल्लीच्या काउंटरवर किलोच्या भावानं भरायला लागले, आणि जेवढे पैसे तिकिटात वाचले होते त्यापेक्षा जास्त तिथे गेले. वर डिसेंबरचा महिना, दिल्लीत धुकं, नागपूरची फ्लाईट पुढे पुढे ढकलत राहिले, बाबा तिथल्या खुर्चीत बसून मला दर अर्ध्या तासानं फोन करून राहिले. समजा उलटं झालं असतं, म्हणजे जाताना नागपूरचं विमान लेट होऊन पुढचं सुटलं असतं, तर पुढची एअरलाईन सरळ म्हणते तुम्ही नो-शो, म्हणजे आलाच नाहीत, तिकीट गेलं. एकच पीएनआर असला की पुढच्या फ्लाईटमध्ये बसवणं त्यांच्या गळ्यात असतं, वेगळे असले की तुमच्या. म्हणून जानेवारीतलं दिल्ली आणि जुलैमधली मुंबई वेगळ्या तिकिटावर मी कोणालाच सुचवणार नाही, पाच हजार वाचोत की पंधरा.

आणि टर्मिनलचं बघा बाप्पा. दिल्लीत डोमेस्टिक विमान टी-१ ला उतरलं आणि पुढचं टी-३ हून असलं तर मध्ये रस्त्यानं जावं लागतं, शटल बस असते पण बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसांना नाही जमत. मुंबईलाही टी-१ आणि टी-२ चं तेच. तिकीट काढताना शहराचं नाव न बघता टर्मिनल बघायचं.

मुंबईहून लंडनची डायरेक्ट पकडणारे आमचे एक नातेवाईक समृद्धी महामार्गानं गाडी घेऊन जातात. ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला इगतपुरी ते आमने शेवटचा टप्पा उघडल्यापासून आमनेपर्यंत झकास जाता येतं, तिथून पुढे भिवंडी-ठाणे करत सहारच्या एअरपोर्टपर्यंत मात्र देवाची कृपा. बॅगांच्या वजनाची कटकट नाही हा फायदा मान्य, पण आठ-नऊ तास गाडी आणि मग दहा तास विमान हे मला नाही झेपत. दुरांतोनं रात्री झोपून जाणं त्यापेक्षा बरं.

बरं, आता बसण्याचं. लोकांना वाटतं कनेक्टिंग घेतलं की प्रवास तुटतो, पाय मोकळे होतात. शिकागोच्या बाबतीत दोहाचं हे अर्धंच खरं आहे! नागपूर-दोहा साधारण चार तास, आणि पुढे दोहा-शिकागो चौदा-साडेचौदा तास एका बैठकीत. थांबा अगदी सुरुवातीलाच येऊन जातो, खरं बसणं त्याच्यानंतरच आहे. बाबांच्या गुडघ्यांना दिल्लीच्या डायरेक्टमध्ये आणि दोहाच्या लांब फ्लाईटमध्ये काहीच फरक वाटला नाही, ते स्वतः म्हणाले. प्रवास खरोखर मधोमध तोडायचा तर युरोपवरून जावं लागतं, दिल्ली-फ्रँकफर्ट आठ-नऊ तास आणि पुढे शिकागो नऊ-साडेनऊ, म्हणजे दोन सारखे तुकडे. माझ्यासारखीला, जिला विमानात झोप येत नाही, हे सगळ्यात सोसवतं. पण नागपूरहून त्याच्यात दोन थांबे होतात, आणि ट्रान्झिट व्हिसाची भानगड वेगळी. तुमच्याकडे चालू अमेरिकन व्हिसा असेल तर शेंगेनवाल्यांच्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या) एअरपोर्टवर नुसतं विमान बदलायला अडवत नाहीत, पण नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी तपासायचेच. दोहाला विमान बदलायला व्हिसाचा प्रश्नच येत नाही.

दिल्लीच्या डायरेक्टबद्दल अजून एक. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे एअर इंडियाची अमेरिकेची विमानं फिरून जायला लागली आणि काहींना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरायला लागलं. तुम्ही विमानातच बसून असता, खाली उतरवत नाहीत, म्हणजे नावाला डायरेक्ट पण थांबा आहेच, आणि तोही पाय मोकळे न करता. परदेशी एअरलाईन्सना ही बंदी नाही. येताना तसंही वारं मागून असतं म्हणून जाण्यापेक्षा वेळ कमी लागतो. बुक करताना जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे बघा, नुसतं "नॉनस्टॉप" वाचून समाधान मानू नका.

आणि दोहावाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. २३ जून २०२५ ला इराणनं तिथल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा कतारनं आकाश बंद केलं होतं, विमानं वाटेतून वळवली, कुठल्या कुठे लोक अडकले. आखातातून जायचं म्हटलं की ही शक्यता धरूनच चालायचं. मी तेव्हापासून केबिन बॅगेत बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या ठेवते, प्रिस्क्रिप्शनसकट. आधी दोन दिवसांच्या ठेवायची.

दोहाचं एअरपोर्ट मोठं आहे, चकाचक आहे, मधोमध ते पिवळं अवाढव्य अस्वल बसवलेलं आहे ज्याच्या डोक्यातून दिवा निघालाय. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाच मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या जागेत दोन बाकडे टाकले असते तं माणसं बसली असती." व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवली होती, ती दारात हजर होती, आणि हे आई-बाबा एकटे जात असतील तर नक्की करा, चालता येत असलं तरी, कारण गेट लांब असतात आणि व्हीलचेअरवाला सिक्युरिटीतूनही बरोबर काढतो. तिथे परत सिक्युरिटी होते, पाण्याची बाटली रिकामी करायला लागते. अमेरिकेच्या गेटवर अजून एकदा तपासतात. म्हणून दीड तासापेक्षा कमी कनेक्शन मी घेत नाही, आई-बाबांसाठी तीन तास. आठ-दहा तासांचं लेओव्हर मात्र स्वस्त मिळालं तरी नको, त्या खुर्च्यांवर झोप लागत नाही आणि एक कॉफी आपल्या सीताबर्डीवरच्या जेवणाच्या भावात पडते.

बॅगांमधलं थोडं, कारण हे नागपूरच्या घरातलं मेन टेन्शन. अमेरिकेच्या विमानात केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर नेली तर अडवू शकतात, त्यामुळे सावजी मसाला, मेतकूट, तिखट सगळं चेक-इनमध्ये. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, ते तेलकट असल्यानं पेट घ्यायचा धोका धरतात. ताजी संत्री तिकडे नेता येत नाहीत, ताई कितीही म्हणो. शिकागोच्या ओहेर एअरपोर्टवर टर्मिनल ५ ला खायचं काय काय आणलं ते विचारलं की सरळ सांगायचं, लपवलं की दंड. आमच्याकडे हातात धरायचा वजनकाटा आहे, आई बॅग २३ वर आणून परत दोन पाकिटं सांडगे कोंबते आणि मग बाबांच्या बॅगेतून बाबांचेच स्वेटर बाहेर निघतात.

जेवण दोन्हीकडे आधी सांगून ठेवावं, चोवीस तास आधी. आपल्याला हवं ते एशियन व्हेज, कोडमध्ये एव्हीएमएल, कांदा-लसूण नको असेल तर जैन म्हणजे व्हीजेएमएल. खास जेवण सांगितलं की ताट सगळ्यांच्या आधी येतं, हा बोनस. विमान कुठलं आहे तेही बघा, ७८७ आणि ए-३५० मध्ये केबिनमधला दाब ६००० फुटांवर असल्यासारखा ठेवतात, जुन्या विमानांत ८००० पर्यंत, आणि मला तरी उतरल्यावर डोकं दुखण्यात फरक जाणवतो. बाबा प्रेशरचे मोजे घालतात, डॉक्टरांनीच सांगितलेत, आणि दर दोन तासांनी मागच्या किचनपर्यंत चालून येतात. जेट लॅग कुठल्याही रूटनं तेवढाच, शिकागो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आणि हिवाळ्यात साडेअकरा.

भाड्याचं सांगायचं तर मे-जून, डिसेंबर आणि पोरं शिकायला जातात तो ऑगस्ट, तिन्ही वेळेला दोन्ही रूट सारखेच महाग. बाकी वेळेला मला फरक दहा-पंधरा हजारांच्या आसपास दिसत आलाय, कधी इकडे कधी तिकडे. तेवढ्यासाठी मी रूट बदलत नाही. दिल्ली स्वस्त असेल, एकाच पीएनआरवर असेल, डिसेंबर-जानेवारी नसेल आणि एकटी जात असेन तर दिल्ली घेते. आई-बाबांसाठी दोहाच, तेही मुख्यतः येतानाच्या त्या बेल्टसाठी. ऑफिस पैसे देणार असेल तर फ्रँकफर्ट. जाताना एक आणि येताना दुसरं असंही एकाच तिकिटात कधी कधी जमतं, एजंट स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आता एप्रिलचं बुकिंग आहे. बाबांना यावेळी फ्रँकफर्टवरून जायचंय, "मधे जर्मनी तरी दिसेल" म्हणे, एअरपोर्टच्या काचेतून काय दिसणार आहे देव जाणे, आणि आई म्हणते दोन ठिकाणी व्हीलचेअरची वाट पाहायची तर तुम्ही एकटेच जा. भाडं रोज बघून राहिले, ठरलं की खाली लिहिते.