उचलता येईल ती गाडी: एक्सपल्स २०० चे चौदा महिने

२०२४ च्या पाडव्याला हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही ही मोटारसायकल घरात आली. काल मीटरवर १५,४०० किलोमीटर झाले. घेण्याआधी दोन महिने मी रोज रात्री लडाख-स्पितीचे व्हिडिओ बघत पडायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, बंद करा ते, मला थंडी वाजायला लागली." गाडी अजून लडाखला गेलेली नाही. ती रोज कोल्हापूरच्या कळंब्यातून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाते आणि शनिवार-रविवार राधानगरी रस्त्यानं गावाकडं, शेतावर. महिन्यातून एखादी चक्कर गगनबावडा नाहीतर पन्हाळ्याकडं. खाली लिहिलंय ते एवढ्याच वापरावरून.

शेताकडं जाणारा शेवटचा दीड किलोमीटर पाणंदीचा आहे. दोन्ही बाजूला ऊस, ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. ट्रेल-ट्रेल म्हणून लोक सह्याद्री धुंडाळतात, पण आपल्या जिल्ह्यात गावोगावी अशी पाणंद पडलेली आहे. आधीच्या १५० सीसी कम्यूटरवर मी ती दहा वर्षं काढली. पावसाळ्यात गाडी डांबरावरच लावायची आणि चप्पल हातात घेऊन चालत जायचं, हा शिरस्ता होता.

मग कुठली घ्यायची? रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मित्राकडं होती. ताकद ४० पीएस, हायवेला नुसती तरंगते. वजन १९६ किलो. त्याच्या अंगणात, त्याच्याच परवानगीनं, खाली जुनी गादी टाकून ती आडवी केली आणि त्याला म्हटलं, आता हात लावू नको. मी पाच फूट पाच इंच, वजन ६२. तीन वेळा जोर लावला, कमरेत कळ आली, गाडी गादीवरच. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स पण मनात होती. १६७ किलो, साडेसव्वीस पीएस, ट्यूबलेस टायर. ज्याला महिन्यातून दोनदा पुणे गाठायचंय त्यानं तीच बघावी. पण तिची अलॉय चाकं पुढं १९ आणि मागं १७ इंची, आणि मला चाकोरीतून जाणारी गाडी पाहिजे होती. एक्सपल्सला पुढं २१ इंची आणि मागं १८ इंची तारांची चाकं, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची), वजन १५९ किलो. एका ओळखीच्याची गाडी त्याच गादीवर आडवी केली. दुसऱ्या झटक्यात उभी राहिली. निर्णय तिथंच झाला. बाकीचं सगळं मी नंतर स्वतःची समजूत घालायला वाचलं.

वजनाचं एवढं का लावून धरलंय ते पहिल्या पावसातच कळलं. जुलैचा दुसरा आठवडा, संध्याकाळचे साडेसहा, शेतातून परत निघालेलो. आमची काळी माती ओली झाली की टायरला मळलेल्या कणकेसारखी चिकटते. पन्नास फुटांत टायरची नक्षी भरली आणि मागचं चाक म्हणजे नुसता मातीचा लाडू. डाव्या चाकोरीतून उजवीकडं यायचा शहाणपणा केला, पुढचं चाक चाकोरीच्या काठाला घासलं आणि मी गाडीसकट उसात. लागलं काही नाही, उसाचा पाला तेवढा मानेवर ओरखडला. पण आजूबाजूला चिटपाखरू नाही, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेंज शून्य. अशा वेळी ताकदीपेक्षा पद्धत लागते. आधी इंजिन बंद, पेट्रोल गळतंय का बघायचं. गाडी उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडं कोसळत नाही. गिअर टाकून ठेवायचा. हँडल जमिनीकडं पूर्ण वळवायचं, सीटला पाठ टेकवून बसायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचं कॅरिअर, आणि कमरेनं न ओढता पायांनी मागं-मागं चालत उठायचं. दोनदा बूट घसरले. तिसऱ्यांदा पायाखाली पाला टाकला आणि जमलं. पुढचा अर्धा तास काटकीनं चाकातली माती काढण्यात गेला. घरी पोचल्यावर आबांनी मला एकदा आणि गाडीला एकदा बघितलं. "दोघं बी बाहीरच थांबा," म्हणाले आणि पाण्याची नळी आणायला गेले.

तेव्हापासून पाणंदीत शिरताना टायरची हवा कमी करतो. पुढं १८, मागं २० पीएसआय. टायर पसरतो, पकड येते. त्याहून खाली जात नाही, कारण आत ट्यूब आहे. हवा फार कमी असली आणि चाक दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडात चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापानं चावल्यागत.

आता ट्यूबचीच गोष्ट सांगतो, कारण घेताना मी हा मुद्दा 'बघू नंतर' म्हणून सोडून दिला होता. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. भोगावतीकडच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग. बैलांच्या पायाला पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारलेली असते, तिचे खिळे निसटून रस्त्यावर पडतात. असाच एक पुढच्या चाकात शिरला. मी गाडी बाजूला घ्यायच्या नादात तशीच थोडी रेटली आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथं ठिगळ बसत नाही. पंक्चरवाल्यानं ट्यूब बोटात धरून माझ्यासमोर नाचवली. "एकवीसची व्हय? असला नंबर आमच्याकडं कोण मागतंय? सतरा-अठरा म्हणाल तेवढ्या हायत." गाडी त्याच्या दारात लावली, एसटीनं घरी आलो, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात तीन दुकानं फिरून ट्यूब मिळवली आणि परत एसटीनं तिकडं. आता सीटमागच्या पिशवीत २१ ची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप कायम असतो. २१ चीच का, तर अडीअडचणीला ती मागच्या १८ च्या चाकात थोडी दुमडून बसते आणि घरापर्यंत आणते. १८ ची ट्यूब पुढं काही ताणून बसत नाही. चाक खोलून ट्यूब बदलायला मला आता पाऊण तास लागतो. पहिल्यांदा अडीच तास लागले होते, त्यात एक ट्यूब लिव्हरनं माझीच मी चावली.

तारांच्या चाकाला ही किंमत मोजावी लागते. बदल्यात खड्ड्यात चाक आपटलं तर तारा थोडा धक्का पितात आणि रिमला बाक आला तरी ठोकून सरळ करता येतो. अलॉय तडकलं की विषय संपला. आपल्याकडचे पावसाळ्यानंतरचे रस्ते बघता मला हा सौदा पटतो.

शहरात गाडी मजेदार आहे. सीट ८२५ मिलिमीटरवर. माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाहीत. पहिला आठवडा मिरजकर तिकटीच्या सिग्नलला घाम फुटायचा, मग एकच पाय टेकायची सवय लागली. याच गाडीच्या प्रो मॉडेलची सीट ८९१ आहे, माझ्या उंचीच्या माणसानं तिकडं बघूसुद्धा नये. वर बसलं की रिक्षाच्या टपावरून पुढचं दिसतं. पापाची तिकटीच्या गर्दीत रुंद हँडल आरशांना अडतं, पण गाडी जागेवर वळते. स्पीडब्रेकरला ब्रेक लावायची सवय मात्र मोडली आहे आणि बायको मागं असली की ते आठवण करून दिलं जातं. तिचं पहिलं वाक्य होतं, "चढायला शिडी सोबत मिळते का?" साडीवर ती या गाडीवर बसत नाही. लग्नकार्याला आमची जुनी स्कूटरच निघते. घरात ही एकच गाडी राहणार असेल तर आधी घरच्यांना बसवून बघा.

हायवेचं खरं सांगतो. १९ पीएस आणि पाच गिअर. कागलकडं जाताना ८० ला ती निवांत असते, ९० ला कामाला लागते, त्यापुढं तुम्ही मागाल तेवढी देते पण आनंदानं नाही. ट्रक ओलांडायचा असेल तर आधी जागा बघायची, एक गिअर खाली, मग निघायचं. साताऱ्यापर्यंत एकदा गेलो, सगळीकडं रस्त्याची कामं, परत येताना बूड बधिर. असल्या हलक्या गाड्यांची सीट अरुंदच असते, उभं राहून चालवायला गुडघ्यात गाडी धरता यावी म्हणून. शंभर किलोमीटरला एक चहा, हा हिशोब धरला की भागतं.

घाटात मात्र तीच गाडी वेगळी होते. करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा भुईबावडा घाटानं तीनदा उतरलो. धुकं, शेवाळ, कडेला वाहणारं पाणी. दुसऱ्या गिअरवर सोडायची, ब्रेकला फक्त बोट. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) पुढच्याच चाकाला आहे, त्याला रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड. डांबरावर रोड सोडून दुसऱ्याला हात लावू नका. रॅलीत एबीएस बंद होतो, हे एकदा विसरून मी ओल्या रस्त्यावर आलो होतो. सुदैवानं समोर म्हैस होती, माणूस नव्हता, आणि म्हशीला घाई नव्हती.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या पायथ्याचा कच्चा रस्ता या गाडीवर फार सुंदर जातो. पण पठारावर गाडी घालू नका. जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो, फुलं त्याच्यावरच येतात, एकदा चाकोरी पडली की ती भरून यायला काळ जातो. पावसाळ्यात बंधाऱ्यांचंही तसंच. आमच्या वाटेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहायला लागलं की उंच सायलेन्सर आणि २२० चा क्लिअरन्स काही कामाचा नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. मी ३९ च्या कितीतरी आधीच लांबचा रस्ता धरतो.

साइड स्टँड चिखलात रुतायचा, कारण शेत काही पार्किंग नव्हे. उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडं गेलो. म्हटलं, स्टँडच्या टोकाला तीन एमएमच्या पत्र्याचा पाय करून द्या, तळहाताएवढा. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. "एवढा उंच टांगा कशाला घेतलासा? आता ह्याला फाळ बी बसवू काय?" पंधरा मिनिटांत पत्रा कापला, कडा घासल्या, वेल्डिंग केलं आणि दीडशे रुपये घेतले. ऑनलाइन हाच तुकडा हजाराच्या पुढं दिसत होता. हँडगार्ड मात्र ऑनलाइनच मागवले, पहिल्या पडण्यात एक मोडला. स्वस्तातले घेतले होते, चूक माझी.

ॲव्हरेज मी टाकी फुल्ल करून मोजतो. शहरात ३८, हायवेला ८० धरून ४३, शेताच्या चकरा जास्त असलेल्या महिन्यात ३४-३५. टाकी १३ लिटरची. चेन दर ५०० किलोमीटरला रॉकेलनं पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ऑगस्टमध्ये आठवडाभर आळस केला तर चेन विटकरी झाली. चिखल धुताना प्रेशरची पिचकारी बेअरिंगवर आणि चेनवर धरू नये, हे मला शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी रागावून सांगितलं.

मी घेतल्यानंतर एक्सपल्स २१० आली. साडेचोवीस पीएस, सहा गिअर, लिक्विड कूलिंग. आज घ्यायची असती तर सहाव्या गिअरसाठी मन गेलं असतं, पण वजन १७० च्या घरात आहे, म्हणजे गादी पुन्हा काढावी लागली असती. कावासाकीची केएलएक्स २३० अवघी १३९ किलो, उचलायला खेळणं. पण सीट ८८० आणि टाकी ७.६ लिटर. राधानगरीच्या पुढं जायचं म्हटलं की आधी पंप आठवावा लागेल.

मागच्या टायरवर आता दोन-अडीच मिलिमीटर नक्षी उरली आहे. पाऊस तोंडावर आहे. मोठ्या ठोकळ्यांचा टायर घेतला तर पाणंद निघेल आणि रोज डांबरावर तो घूं-घूं करत झिजेल. रस्त्याचा घेतला तर पुन्हा उसात. आबांचं मत विचारलं. ते म्हणाले, पाणंदीला मुरूम टाकायचं ग्रामपंचायतीत ठरलंय, चार महिने थांब. हे मी २०१५ पासून ऐकतोय. ठोकळ्यांचाच टायर सांगून आलोय, शनिवारी बसवतील.