परदेशातला सण: त्याच दिवशी की सुट्टीच्या वारी?
परदेशात आपला सण बहुधा कामाच्या दिवशीच येतो. रजा काढून त्याच दिवशी केला, तर घरच्यांच्या गडबडीत व्हिडिओ कॉलवरून का होईना, शिरता येतं. अर्थात घड्याळात 8-10 तासांचं अंतर असलं, की तिकडे आवराआवर सुरू आणि इकडे नुकतं उजाडलेलं! त्यातून सण चांद्र कालगणनेवरचा असेल, तर सूर्योदय किंवा चंद्रदर्शन जागेनुसार बदलतं आणि तारीखच एखाद्या दिवसाने सरकू शकते. मग ‘तोच दिवस’ नेमका कुठला?

सुट्टीच्या वारी माणसं जमतात, मुलांची शाळा बुडत नाही. पण घरी तोवर सगळं उरकलेलं असतं, ते जरा खटकतं. मी फोन त्याच दिवशी करतो, पाहुणे सुट्टीला बोलावतो.